मैदान सुटू नये

आज २९ ऑगस्ट. मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस, म्हणून राष्ट्रीय क्रीडा दिन. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये यजमान जर्मनीला ८-१ असे हरवून हॉकीचे सुवर्णपदक जिंकले, ही गोष्ट आज शाळाशाळांतून सांगितली जाईल. परतवाडा-अचलपूरच्या मुलांना त्याच बर्लिनची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या वर्षी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही तिथे गेले होते आणि कबड्डीसारखे आपल्या मातीतले खेळ त्यांनी परदेशी प्रेक्षकांपुढे करून दाखवले होते. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेली ही व्यायामाची चळवळ २२ वर्षांत अमरावतीहून बर्लिनला पोचली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीही ग्रामगीतेत गावाच्या आरोग्याला स्वतंत्र अध्याय दिला. बलोपासनेची ही परंपरा वऱ्हाडाला उसनी आणावी लागली नाही.

ती आजही जिवंत आहे. पहाटे, उजाडायच्या आत, गावाबाहेरच्या रस्त्यावर पाहा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतील. पावसाने मैदानात चिखल झाला की डांबरी रस्ताच त्यांची धावपट्टी होतो. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, अशी ५० गुणांची मैदानी परीक्षा. एक जण मोबाइलवर वेळ लावतो, बाकीचे सुटतात. मागे पडणाऱ्याला पुढचा ओरडून ओढून नेतो. मुलांचा गोळा सव्वासात किलोचा. तो नुसत्या मनगटाच्या जोराने जात नाही, पाय आणि कंबर त्यामागे लागते, हे कळायलाच कित्येक सकाळी जातात. घरी परतल्यावर भिजवलेले हरभरे मूठभर, आणि मग कोणी शेतात, कोणी दुकानावर, कोणी अभ्यासिकेत.

भरतीच्या जागा मोजक्या आणि धावणारे कितीतरी. निकाल लागला की बहुतेकांच्या हाती निराशा येते आणि त्याच दिवशी बूट खुंटीला लागतात. खरी हानी इथे होते. नोकरी हुकली म्हणून मैदानाने दिलेले वाया जात नाही. पहाटे उठायची सवय, दम लागल्यावरही पाय न थांबवण्याची जिद्द, काल आपल्यापुढे गेलेल्या मित्राशी आज पुन्हा हसून बोलण्याचा दिलदारपणा, हे सगळे त्या मुलाचे स्वतःचे झालेले असते. ते टिकवायचे तर धावणे सुरू राहिले पाहिजे. दुसरीकडे, नोकरी लागलेल्यांचेही पोट दोन-चार वर्षांत सुटते. खेळ आपण परीक्षेपुरता ठेवला, हे त्याचे कारण.

शरीराचा हिशेब फार सरळ आहे. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. एकाच गाडीवरची, एकाच पाळीतली माणसे. फरक पायांच्या कामाचा. चालताना-धावताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून मधुमेहाला आळा बसतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे आणि मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंगाला घाम येईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उघड्यावर खेळण्याचा फायदा डोळ्यांनाही होतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळेच्या वेळेत रोज ४० मिनिटे जादा बाहेर घालवणाऱ्या मुलांमध्ये तीन वर्षांत लघुदृष्टीचे प्रमाण इतर मुलांपेक्षा कमी आढळले. मोबाइलमध्ये मान घालून बसणाऱ्या आपल्या लेकरांसाठी याहून स्वस्त औषध नाही.

निसर्गाने तर आपल्याला भरभरून दिले आहे. सुमारे १,१०० मीटर उंचीचे चिखलदरा आपल्या उशाशी आहे. पावसाळ्यात लांबलांबचे लोक गाड्या भरून परतवाड्यावरून वर जातात, धुके पाहून परततात. आपण तरी गाडीच्या काचेतूनच सातपुडा पाहू नये. गाविलगड पायी फिरावा, मुलांना इतिहास दगडाला हात लावून शिकवावा. हे व्याघ्र प्रकल्पाचे रान आहे. वनखात्याची परवानगी आणि वेळा पाळाव्यात, कचरा खाली आणावा. जंगलात नीट वागायला शिकणे हेही शिक्षणच आहे.

मैदान सर्वांचे होत नाही तोवर मात्र हे बोलणे अपुरे आहे. वयात आली की मुलीचे खेळणे घरातूनच थांबवले जाते. चाळिशीतल्या बाईने धावावे असे कोणालाच वाटत नाही. देशात पुरेशी हालचाल न करणाऱ्यांत बायकांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. घरकामाने त्या थकतात, पण मोकळ्या हवेत मनासारखे खेळण्याचा आनंद त्यांच्या वाट्याला येत नाही.

म्हणून आजच्या दिवशी काही साध्या मागण्या. खेळाचा तास गणिताच्या जादा तासासाठी कापू नका. शाळांची मैदाने सकाळ-संध्याकाळ गावाला उघडी ठेवा. तिथे दिवे लावा आणि मुलींसाठी, महिलांसाठी निर्धास्त वावरता येईल अशी व्यवस्था करा. सभा-मंडपांसाठी खणलेले खड्डे दुसऱ्याच दिवशी बुजवा. आणि वाचकहो, हार-भाषणे आटोपली की आज संध्याकाळी घरातल्या लेकरांना घेऊन जवळच्या मैदानावर जा. उद्याही जा.