वाचनालयातल्या ताईंच्या पाठीशी उभे राहा

वारजे-माळवाडीतल्या वाचकांनो, आज पुस्तकांबद्दल थोडे आणि पुस्तके सांभाळणाऱ्या माणसाबद्दल जास्त बोलायचे आहे.

तुमच्या जवळच्या वाचनालयात टेबलामागे कोणी ताई किंवा दादा बसलेले असतात. तुम्ही पुस्तक परत देता, ते तारीख टाकतात. एवढेच त्यांचे काम, असे आपल्याला वाटते.

मागचे काम दिसत नाही. नवी पुस्तके निवडायची. ती दाखल नोंदवहीत चढवायची. विषयवार लावायची. फाटलेली बांधायला द्यायची. वर्गणी गोळा करायची, वर्षाचा अहवाल करायचा, तपासणीला कागद तयार ठेवायचे. शिवाय आठवीतल्या मुलीला काय वाचायला द्यावे आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या गृहस्थांना काय, हे ओळखायचे. हे शेवटचे काम सगळ्यात मोठे. ते यंत्राने होत नाही.

आता पैशाचे सांगतो. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालचा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. 2022 मध्ये शासनाने हे अनुदान 60 टक्क्यांनी वाढवले. तेव्हा ड वर्गाची वर्षाची रक्कम 30 हजारांवरून 48 हजार झाली. म्हणजे महिन्याला 4 हजार. यातच पुस्तके, वीज, झाडलोट आणि ग्रंथपालाचे मानधन. घरखर्च सांभाळणाऱ्या कोणालाही हा हिशेब समजावून सांगायला नको.

म्हणून पहिले काम करा. सभासद व्हा. घरातल्या एकाच्या नावावर सगळ्यांनी वाचू नका. वर्ग ठरवताना पुस्तकांइतकीच सभासदांची संख्याही पाहतात. तुमचे नाव त्या यादीत असणे, ही मदतच आहे. वर्गणी वेळेवर भरा आणि पावती घ्या. रोज फक्त वर्तमानपत्र वाचायला जात असाल, तरी हजेरीवहीत सही करा. किती लोक येतात हे त्या वहीवरूनच कळते. उद्या कोणी विचारले की या वाचनालयाची गरज काय, तर ती वही पुढे ठेवता येईल.

दुसरे काम थोडे वेगळे आहे. तुमच्या ग्रंथपालाला शिकू द्या.

रंगनाथन यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. 12 ऑगस्टला त्यांच्या जन्मदिनी आपण ग्रंथपाल दिन पाळतो. ते मुळात गणिताचे शिक्षक. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा या कामाचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. विद्यापीठाने त्यांना लंडनला शिकायला पाठवले. परत आल्यावर त्यांनी जे केले, त्यावर देशभरातली ग्रंथालये उभी राहिली. एवढ्या बुद्धीच्या माणसालाही कोणीतरी पाठवावे लागले, हे लक्षात ठेवा.

त्याच्याही आधी बडोद्यात हे झाले होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड तिथे राज्य करत होते. त्यांनी 1910 मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. बॉर्डन यांनी ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग सुरू केला. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती गावोगाव पाठवली जाऊ लागली. आणि 1912 मध्ये ग्रंथालयांसाठी एक त्रैमासिक निघाले, इंग्रजीत, गुजरातीत आणि मराठीतही. एका गावच्या ग्रंथपालाने काय केले हे दुसऱ्याला कळावे, ही सोय शंभर वर्षांपूर्वी केली गेली. मला तरी ही गोष्ट पेट्यांपेक्षाही महत्त्वाची वाटते.

आपल्या अगदी शेजारचे उदाहरणही आहे. महर्षी कर्वे यांनी 1916 मध्ये हिंगण्याला, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, महिला विद्यापीठ सुरू केले. पुढे त्याच विद्यापीठाने 1961 मध्ये मुंबईत ग्रंथालयशास्त्राची शाळा काढली. कितीतरी मुली तिथून ग्रंथपाल होऊन बाहेर पडल्या.

आज शिकायला इतके लांब जावे लागत नाही. सुरुवातीला ग्रंथालय प्रमाणपत्राचा छोटा अभ्यासक्रम आहे. पुढे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेता येते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातही हा विषय शिकवतात. सरकारच्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावर घरबसल्या विनाशुल्क ऐकायला व्याख्याने आहेत. पुस्तकांची यादी संगणकावर घ्यायची असेल, तर ‘कोहा’ आणि ‘ई-ग्रंथालय’ या प्रणाली आहेत. कोहा फुकट मिळते, पण चालवायला शिकावे लागते.

तुम्ही वाचनालयाच्या संचालक मंडळावर असाल तर ताईंना विचारा, काय शिकायचे आहे? फी मंडळाने भरावी. मंडळाकडे नसेल तर चार सभासदांनी मिळून भरावी. परीक्षेला रजा द्या आणि रजेचे मानधन कापू नका. जिल्हा ग्रंथालय संघाचे अधिवेशन असेल, तर प्रवासखर्च देऊन पाठवा. आणि तुम्ही साधे वाचक असाल तर एवढेच करा. त्या दिवशी वाचनालय बंद दिसले, तर तक्रार करू नका.

तिसरे काम बोलण्याचे आहे. वाचनालयासाठी बोला.

ताईंना स्वतःसाठी मागणे अवघड जाते. मागितले तर लोक म्हणतात, पगारासाठी बोलते. तुम्ही बोललात तर ते वाचकाचे बोलणे ठरते. नगरसेवक, आमदार सोसायटीत आले की आपण पाणी आणि रस्ता सांगतो. ते सांगायलाच हवे. त्याच कागदावर एक ओळ वाचनालयाची घाला. मागणी मोघम ठेवू नका. ‘वाचनालय सुधारा’ असे लिहिले तर काही होत नाही. ‘संध्याकाळी दिवे कमी पडतात, चार नवे हवेत’ असे लिहिले तर कोणाला तरी उत्तर द्यावे लागते. अर्जाची पोच घ्या.

महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून सूचना मागवते. वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करा. महापालिकेच्या अभ्यासिकेसाठी काही हवे असेल, तर तिथे लिहून द्या. दोन खोल्यांच्या घरात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले वारज्यात पुष्कळ आहेत. जवळ चांगली अभ्यासिका नसेल, तर ती खासगी अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरतात. तो खर्च तुमच्याच खिशातून जातो.

आता वाचनालयाच्या स्वतःच्या आवाजाचे, म्हणजे पॉडकास्टचे. नावाने बिचकू नका. बोलणे रेकॉर्ड करायचे आणि लोकांना केव्हाही ऐकता येईल असे ठेवायचे, एवढेच ते आहे. आज ज्यांचे डोळे साथ देत नाहीत, ज्यांना जिना उतरवत नाही, ज्या बायकांना स्वयंपाक करतानाच काय तो कानाला निवांतपणा मिळतो, त्यांच्यापर्यंत वाचनालय असे पोहोचते. ताईंनाही दुसऱ्या गावचे ग्रंथपाल काय करतात ते बसमध्ये ऐकता येते.

महागडा माइक घेऊ नका. घरातला एक फोन पुरे. कपाटांमधली जागा निवडा, पुस्तकांमुळे आवाज घुमत नाही. पंखा बंद करा, महामार्गाच्या बाजूची खिडकी लावा. फोन तोंडापासून वीतभर ठेवा. दहा-बारा मिनिटांत आटपा. पहिल्या भागात ताईंनी नव्या आलेल्या तीन पुस्तकांबद्दल बोलावे. भाग आधी सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर टाका. जमले की यूट्यूबवर.

मात्र पुस्तके वाचून दाखवताना जपा. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांच्या हक्काची मुदत 2010 अखेर संपली. त्यांच्या हयातीत छापलेले लेखन तुम्ही वाचू शकता. पु. ल. देशपांडे 2000 मध्ये गेले. त्यांचे पान रेकॉर्ड करून प्रसिद्ध करायचे तर परवानगी हवी. पुस्तकाबद्दल आपल्या शब्दांत बोलायला मात्र कोणाचीच हरकत नाही.

माणसांचेही तसेच. आवाज घेण्याआधी विचारा. लहान मुलांच्या आईवडिलांना विचारा. कोणी नंतर नको म्हणाले, तर तेवढा भाग काढून टाका. रेकॉर्डिंगला तारीख आणि नाव द्या. दोन ठिकाणी जपून ठेवा. फोन बिघडला की सगळे जाते.

आणि कोणाला बोलते करायचे? याबद्दल मला घाई आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटले, खडकवासला धरण फुटले आणि मुठेला पूर आला. खडकवासल्याहून पुण्याकडे येणारी मुठा आपल्या वारज्याला लागूनच पुढे जाते. शहरातल्या पेठांबद्दल खूप लिहून झाले आहे. इकडच्या काठावरची शेते, विहिरी, जनावरे, त्या दिवशी कोण कुठे पळाले, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांनाच माहीत. त्या वेळी जे दहा वर्षांचे होते ते आता पंचाहत्तरी गाठत आहेत. 1997 मध्ये वारजे महापालिकेत गेले. त्याआधीचे गाव, त्याची पिके, जत्रा, ग्रामपंचायत पाहिलेली माणसेही तुमच्या गल्लीत आहेत.

तुमच्या घरात किंवा शेजारी असे कोणी आजी-आजोबा असतील, तर या आठवड्यात वाचनालयात जा आणि ताईंना त्यांचे नाव सांगा. वेळ ठरवा. आजोबांना तुम्ही स्वतः हात धरून घेऊन या, किंवा ताईंना घरी बोलवा. आणि तिथे असतानाच सभासदत्वाचा अर्जही भरून द्या.