अम्मीची हाडं आणि आपली चुप्पी

आपल्या घरांत शुगर, बीपी, गुडघेदुखी यांवर दस्तरखानावर बसून चर्चा होते. पाळी जाण्यावर मात्र बायका एकमेकींच्या कानात कुजबुजतात. 'आता एकही रोजा सुटत नाही,' एवढंच काय ते उघड बोललं जातं. वास्तविक सूरह तलाकमध्ये पाळी थांबलेल्या स्त्रीच्या इद्दतीचा वेगळा उल्लेख आहे. मग आपल्यालाच कसली लाज?

पुण्यातल्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेच्या संशोधकांनी चाळिशी ओलांडलेल्या, वरवर निरोगी पुणेकरांची हाडं तपासली. २०१८ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. पाळी गेल्यावर बायकांच्या हाडांची घनता वेगाने घसरते, हे त्यात दिसलं. इस्ट्रोजेन हाडांची झीज रोखून धरतं. ते कमी झालं की झीज पुढे जाते, भरपाई मागे राहते.

कोंढव्यात माझी खाला न्हाणीघरात घसरली आणि मनगट मोडलं. प्लास्टर झालं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडलंच कसं, हे कुणी विचारलं नाही. त्याआधी कित्येक वर्षं ती रात्री घामाने भिजून उठून बसायची. हार्मोनच्या उपचाराचा विषय मी काढला, तर घरातून एकच उत्तर आलं: 'त्याने कॅन्सर होतो.'

ही भीती आली २००२ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातून. त्यात १६,६०८ बायका होत्या, सरासरी वय ६३. वर्षाला दहा हजार बायकांमागे स्तनाचा कॅन्सर ३० वरून ३८ वर गेला, खुब्याची मोडलेली हाडं १५ वरून १० वर आली. धोका खोटा नाही. हृदयविकार आणि पक्षाघातही वाढले होते. पण त्रेसष्टीचे आकडे पन्नाशीच्या बाईला घाबरवायला वापरणं मला पटत नाही. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास जास्त असेल तर बहुतेकींना फायदाच अधिक, असं आज तज्ज्ञ मानतात. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात होऊन गेलेल्यांना हा उपचार नको. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनही लागतं, म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणं साफ चूक.

खरा राग येतो तो बीडच्या आकड्यांवर. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलं की पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यांत कित्येक चाळिशीच्या आतल्या. सोबत दोन्ही अंडाशयं गेली असतील तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम त्याच दिवसापासून सुरू. अशा बाईला काही अडचण नसेल तर पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावेत, असं वैद्यकशास्त्र सांगतं. ऑपरेशनवर गदारोळ झाला, तो व्हायलाच हवा होता. पण त्यानंतरच्या उपचाराचं कोण बोललं?

तुमच्या अम्मीचं, खालाचं असं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्जचा कागद कपाटात कुठेतरी असेल. अंडाशयं काढली की ठेवली, ते त्यावर लिहिलेलं असतं. तो शोधा, आणि पुढच्या वेळी शुगर तपासायला जाताना सोबत न्या.