नाकारलेल्यांची खातेवही

बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना एक गोष्ट मला नेहमी खटकत असे. दिलेले कर्ज बुडाले, की खुलासा मागितला जातो, बढती अडते. पण नाकारलेल्या अर्जदाराने कर्ज फेडले असते की नाही, याची नोंद कुठल्याच खातेवहीत नसते. नकार देणारा अधिकारी कागदोपत्री कधीच चुकत नाही!

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत इंग्रजीच्या ‘प्लेसमेंट टेस्ट’चे वर्षानुवर्षे हेच झाले. प्रवेश मिळालेल्या मुलाची छोटीशी चाचणी घ्यायची आणि गुण कमी पडले, तर त्याला ‘रेमेडियल’ वर्गात धाडायचे. त्या वर्गाची फी द्यावी लागे, पदवीच्या हिशेबात मात्र तो धरला जात नसे. अनेक मुले तिथूनच कॉलेज सोडून जात. मग म्हणायचे, बघा, चाचणीने आधीच सांगितले होते. अहो, पण नेहमीच्या वर्गात त्यांना बसू दिलेच कुठे?

ज्युडिथ स्कॉट-क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली हा लपलेला हिशेब मांडला. इंग्रजीची चाचणी देणाऱ्या साधारण तिघांपैकी एकाला भलत्याच वर्गात टाकले जात होते आणि त्यांत नेहमीचा वर्ग सहज झेपला असता अशांचीच संख्या जास्त होती. शाळेतले गुण अधिक खरे बोलत होते. कर्ज देताना आम्ही एका दिवसाची शिल्लक पाहत नसू, खात्यातली उलाढाल पाहत असू, तसेच हे.

कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०१७ मध्ये आपली इंग्रजी चाचणी बंद करायचे ठरवले. त्याच वर्षी तिथल्या कम्युनिटी कॉलेजांसाठी शाळेतले गुण विचारात घेण्याची सक्ती करणारा कायदा झाला. पहिल्याच वर्षी इंग्रजीचा नेहमीचा अभ्यासक्रम पार करणारी मुले बरीच वाढली. नापासांची संख्याही वाढली, आणि शिक्षकांची त्याबद्दलची तक्रार खोटी नाही. जोडीला मदतीचा तास हवाच.

आपल्याकडून टोफेल देऊन तिकडे जाणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. काही विद्यापीठांत पोहोचताच त्यांची पुन्हा भाषाचाचणी होते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची इंग्रजीतली ‘उलाढाल’ तिथल्या प्राध्यापकाला ठाऊक नसते. अशा वेळी चाचणी घ्यावीच लागेल. पण लाखोंचे कर्ज काढणाऱ्या आईबापांनी प्रवेशाआधीच पत्र पाठवून विचारावे: या जादा वर्गाची फी किती, तो पदवीत धरला जातो का, आणि निकाल पटला नाही, तर फेरचाचणी मिळते का?