फुग्यातली भाषा : मुलांच्या हातातल्या कॉमिक्सबद्दल थोडं



पालकसभेत एक तक्रार हमखास येते. "मॅडम, पोरगं पुस्तक धरतच नाही, नुसतं चित्रांचं बघत बसतं." हे 'चित्रांचं' म्हणजे कॉमिक. मी स्वतः कॉमिक्सवेडी आहे, हे आधीच सांगून टाकते. चंपक आणि ठकठक वाचत मोठी झाले, आणि आजही नवीन काही हाताला लागलं की आधी मी वाचते, मग वर्गवाचनालयात ठेवते. त्यामुळे माझं मत अगदी तटस्थ आहे असं समजू नका. पण ते तिसरीच्या वर्गात मुलांसोबत बसून झालेलं आहे.

'नुसतं चित्रं बघणं' ही गोष्ट आपण समजतो तेवढी सोपी नाही. एका चौकटीत मुलगा झाडावर चढलाय, पुढच्या चौकटीत त्याच्या हाताला प्लास्टर. मधे काय घडलं ते कुणी लिहिलेलं नाही, काढलेलंही नाही. ते वाचणाऱ्यानेच जुळवायचं. अमेरिकेतल्या स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' हे पुस्तक काढलं, तेही कॉमिकच्याच रूपात. दोन चौकटींमधल्या या रिकाम्या जागेवर त्यांचा मोठा भर आहे. आता आठवा, धडा संपला की आपण विचारतो, "यावरून तुम्हाला काय समजलं?" आणि वर्ग गप्प. तीच मुलं कॉमिक वाचताना पानापानावर हेच काम करत असतात, फक्त आपण त्याला गुण देत नाही.

सध्याच्या मालिकांमध्ये मला सगळ्यात जास्त आवडते ती डेव्ह पिल्की यांची 'डॉग मॅन'. २०१६ पासून सुरू झालेली ही इंग्रजी मालिका शहरातल्या इंग्रजी शाळांतल्या मुलांच्या दप्तरात तुम्ही पाहिली असेल. पोलिसाच्या धडावर कुत्र्याचं डोकं, असा नायक! शी-शूचे विनोद भरपूर. शिवाय ही पुस्तकं जॉर्ज आणि हॅरोल्ड या दोन शाळकरी पोरांनी काढली आहेत अशी कल्पना असल्यामुळे त्यात मुद्दाम ठेवलेल्या स्पेलिंगच्या चुका. आपल्यासारख्यांना लाल पेन काढावंसं वाटणार, हे खरंच. पण पिल्की कोण आहेत ते बघा. त्यांना लहानपणी डिस्लेक्सिया आणि अतिचंचलतेचा त्रास होता. वर्गात शांत बसत नाही म्हणून त्यांना बाहेर व्हरांड्यात बसवलं जाई, आणि तिथे बसून ते चित्रकथा काढत. त्यांच्या पुस्तकांच्या शेवटी पात्रं कशी काढायची ते टप्प्याटप्प्याने दिलेलं असतं. मूल वाचून थांबत नाही, वही घेऊन बसतं. माझ्या मते त्या चुकांनी जेवढं बिघडतं त्याच्या दसपट या वहीने साधतं.

आपल्याकडचं काय? 'अमर चित्र कथा' घराघरात आहे. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांची चित्रं आजही बघत राहावी अशी. पण स्पष्ट सांगते, पहिल्यांदा वाचायला शिकणाऱ्या मुलाला ती भाषा जड जाते. आणि देव गोरे, राक्षस काळे हे त्या जुन्या अंकांत सतत दिसतं. वर्गात सावळी मुलं बसलेली असतात. तेव्हा द्या जरूर, पण सोबत बसून बोला. 'टिंकल' मला जास्त जवळचं वाटतं. त्यातली विंगस्टार म्हणजे मापुई कॉलिम ही मिझोरामची मुलगी. तिच्यामुळे आपल्या मुलांना ऐझॉल हे नाव कळतं, हे नकाशावाचनापेक्षा कमी नाही. शिकारी शंभूच्या हातातली बंदूकही आता गेली आहे. आणि सुप्पंडी तर १९८३ मध्ये एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टीतून आला.

जपानी मांगाबद्दल पालक विचारतात म्हणून थोडंसं. 'डीमन स्लेयर' ची सुरुवातच नायकाच्या कुटुंबाच्या हत्येने होते. ते प्राथमिकच्या मुलांसाठी नाही, मोठ्या भावाच्या मोबाईलवर असलं तरी नाही. पण त्याच जपानचा डोरेमॉन बघा. आपली मुलं त्याला टीव्हीवर हिंदी बोलताना ओळखतात. मुळात तो १९६९ च्या डिसेंबरात बालवाडीपासून चौथीपर्यंतच्या वेगवेगळ्या मासिकांत एकाच वेळी सुरू झाला. प्रत्येक वयोगटासाठी पहिली गोष्ट वेगळी! पहिलीच्या मुलाला वेगळी, चौथीच्याला वेगळी. हे वाचलं तेव्हा मला हेवा वाटला.

कारण मराठीत इयत्तेनुसार वाढत जाणारी अशी मालिका माझ्या कपाटात एकही नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' आहे, १९९१ पासूनचा, आणि त्याचे संग्रह मुलं फाटेपर्यंत वाचतात. का? तर चिंटू आणि पप्पू घरात बोलतात तसं बोलतात. माझ्या वर्गातली मुलं घरी "कुठं चाललास रं" म्हणतात, पुस्तकात मात्र त्यांना "तू कोठे चालला आहेस?" भेटतं. छापलेल्या पानावर बोलीला हक्काची जागा कुठली असेल तर ती संवादाच्या फुग्यात. बाजारात मिळणाऱ्या भाषांतरित चित्रकथांत नेमका तिथेच घोळ होतो. माकडसुद्धा प्रमाणभाषेत किंचाळतं!

म्हणून मी आनंददायी शनिवारी एक करते. एखादं पान झेरॉक्स करते, फुग्यांवर कोरा कागद चिकटवून पुन्हा झेरॉक्स काढते आणि मुलांना देते. संवाद तुम्ही लिहा, घरी बोलता तसेच. ऱ्हस्व-दीर्घ त्या दिवशी तपासत नाही. निबंधाच्या तासाला दोन ओळींवर अडणारा एक मुलगा मागच्या महिन्यात आठही फुगे भरून आला. जागा पुरली नाही म्हणून त्याने समासात आणखी दोन फुगे काढले होते. एकात म्हैस बोलत होती. मूळ पानात म्हैस नव्हतीच.