अकरावीतच दाखला हातात घ्या

सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी सांगलीतल्या खानापूर-आटपाडीकडची कितीतरी मराठी घरं दिल्लीत करोल बागेत आली आणि इथलीच झाली. त्यातल्या एखाद्या घरात कमी दिसणारं, कमी ऐकू येणारं, हाताने लिहिता न येणारं किंवा अक्षरांशी झगडणारं मूल अकरावीला असेल, तर हे चार शब्द तुमच्यासाठी आहेत.

बारावी लांब आहे असं समजू नका. सीबीएसईची परीक्षा फेब्रुवारीत असते, पण सवलतींचा अर्ज शाळेमार्फत खूप आधी जातो. म्हणून कागदपत्रं अकरावीतच जमवा.

आधी अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. सांगलीत काढलेला दाखला दिल्लीत चालेल का, ही शंका नको. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो देशभर चालतो.

मात्र त्यावरचं नाव शाळेतल्या नावाशी जुळतं का, ते नीट पाहा. मधे वडिलांचं नाव घालायची आपली पद्धत. दिल्लीच्या शाळेत बहुतेकदा ते नसतं. एवढ्याशा फरकावर काम अडू शकतं. वेळेत दुरुस्त करून घ्या.

मग मुख्याध्यापकांना पत्र द्या. काय हवं ते स्पष्ट लिहा. भरपाईचा वेळ तासाला 20 मिनिटं मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला आणखी एक तास. गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो, संगणकावर लिहायची परवानगी मिळते. दृष्टिहीन मुलांना आकृतीच्या जागी वेगळा प्रश्न असतो आणि परीक्षेची फीही माफ असते. पत्राच्या प्रतीवर शाळेचा शिक्का घ्या. तोंडी ‘हो’ वर थांबू नका.

लेखनिक मिळाला की काम झालं, असं पालकांना वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं. उत्तर येणं वेगळं आणि ते दुसऱ्याला सांगून लिहवून घेणं वेगळं. परिच्छेद कुठे तोडायचा, शब्द कसा लिहायचा, गणिताची पायरी कशी सांगायची, हे सगळं तोंडाने सांगावं लागतं. ही सवय एका महिन्यात होत नाही. धाकट्या भावाला नाहीतर शेजारच्या मुलीला दर रविवारी तासभर बसवा. जुना पेपर घ्या, घड्याळ लावा. लिहिणाऱ्याने मनाचा एक शब्दही घालायचा नाही. परीक्षेला स्वतःचा लेखनिक नेणार असाल, तर तो मुलापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. त्याचीही परीक्षा त्याच दिवसांत असू शकते.

आता एक खरी घटना. सप्टेंबर 2021 च्या नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत एका मुलीला भरपाईचा तास केंद्रावर मिळालाच नाही. तिला लिखाणाची अडचण होती, 40 टक्क्यांचा दाखलाही होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अन्याय झाला हे न्यायालयाने मान्य केलं, पण फेरपरीक्षा घ्यायला सांगितलं नाही. वाचून जीव कळवळतो. हक्क होता आणि तास मात्र गेला.

म्हणून सवलतींच्या परवानगीचं पत्र घरी फायलीत ठेवून भागणार नाही. केंद्र कळलं की परीक्षेच्या चार दिवस आधी तिथे जाऊन या. खोली तळमजल्यावर आहे का? चाकाची खुर्ची दारातून आत जाते का? स्वच्छतागृह किती लांब आहे? मेट्रोने जाणार असाल, तर त्याच वेळेला एकदा जाऊन पाहा.

शाळेत शिष्यवृत्तीचंही विचारा. अकरावीपासून केंद्र सरकारची दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो.

आणि परीक्षेचं केंद्र पाहायला जाताना मुलाला बरोबर न्या. मला काय लागतं, ते त्यालाच केंद्रप्रमुखांना सांगू द्या. अडखळला तरी मधे बोलू नका. फाईल घेऊन मागे उभे राहा.