नाव हरवलेल्या फाइली

सर्व्हर कोसळल्यावर दुरुस्तीचा प्रोग्राम डिस्कवरील नोंदी ताडून पाहतो. तो डिस्कवरच फेरफार करीत असल्याने आधी तिची नक्कल करणे श्रेयस्कर. लिनक्समध्ये ज्या फाइलींचे नावाशी नाते तुटते, त्या ‘लॉस्ट अँड फाउंड’ नामक कप्प्यात जमा होतात. मजकूर पुष्कळदा शाबूत, परंतु नावाच्या जागी केवळ क्रमांक! करजणला आमच्या शाळेवर हा प्रसंग आला, तेव्हा एकेक फाइल उघडून, शाईने लिहिलेल्या जुन्या जनरल रजिस्टरशी पडताळून, आम्ही विद्यार्थ्यांचे दाखले ओळखले. त्यांवर कित्येकांची जन्मतारीख अवलंबून होती. वाचकहो, घरच्या वंशावळी व मोडी पत्रे संगणकात घातली असल्यास दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. आणि मूळ कागद रद्दीत घालू नयेत.