आधी गावे ताडून पाहा, मग शाळा!

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे दरवर्षी एक न्यायालय भरते. शाळांची नावे एका बाजूला, टक्केवारी दुसऱ्या बाजूला, आणि निवाडा तयार! शहरातली अमुक शाळा शंभर टक्के, खाजनाकाठची तमुक शाळा साठ टक्के. चहाच्या दुकानात बसलेला पंडितही निकालपत्र वाचून सांगतो, मास्तर आळशी, पोरे मठ्ठ, आईबापांना शिक्षणाची चाड नाही. मग हळूच पुढचे वाक्य येते. असली शाळा चालवायची कशाला? पट कमी, निकाल कमी, दुसऱ्या शाळेला जोडून टाका!

शेतकरी बंधूंनो, तुम्ही मरड जमिनीचे पीक आणि खाजनाचे पीक एका मापाने मोजता काय? मरडीत एवढे भात कमी आले म्हणून तिथल्या कुळाला कोणी आळशी म्हटले, तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. पाणी किती, माती कोणती, बांध शाबूत होता की फुटला, हे विचारल्याशिवाय पिकाची गोष्ट कोणी बोलत नाही. शाळेच्या बाबतीत मात्र जमीन न पाहता पीक मोजण्याचा धंदा राजरोस चालू आहे, आणि तो करणारी माणसे स्वतःला शिक्षणतज्ज्ञ म्हणवतात.

शाळेची जमीन म्हणजे तिच्या आसपास राहणारी माणसे. किती घरे, किती मुले, बाप काय करतो, आई लिहू वाचू शकते की नाही, घर स्वतःचे की भाटकाराच्या जागेतले. हे सांगणारे साधन सरकारपाशी आहे. त्याचे नाव शिरगणती! फक्त ती शाळेच्या हद्दीप्रमाणे कोणी मांडत नाही.

अमेरिकेत ती मांडली गेली, आणि तिच्यावरून एक मोठा खटला झाला. त्यात आकडे कुठे जिंकले आणि कुठे हरले, हे दोन्ही आपल्या उपयोगाचे आहे म्हणून सांगतो. तिथे 'शाळा-जिल्हा' नावाची चीज असते. आपल्या उत्तर किंवा दक्षिण गोव्यासारखा तो महसुली जिल्हा नव्हे. काही शाळांची मिळून एक हद्द, तिच्यावर लोकांनी निवडलेले मंडळ, आणि त्या हद्दीतल्या घराजमिनींवर बसवलेला, आपल्या घरपट्टीच्या जातीचा कर. असे सुमारे १३,००० शाळा-जिल्हे तिथे आहेत. ज्या हद्दीत बंगले, तिथे कर भरपूर. जिथे झोपड्या, तिथे कर तुटपुंजा.

टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो शहरात एजवूड नावाचा असा एक गरीब जिल्हा होता. २५ शाळा, सुमारे २२,००० मुले, त्यांतली ९० टक्के मेक्सिकन वंशाची. १६ मे १९६८ रोजी तिथली हायस्कूलची मुले मोडक्या इमारती आणि अपुरे शिक्षक यांच्याविरुद्ध वर्गाबाहेर पडली. पत्र्याचे काम करणारे डेमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालक त्याच वर्षी न्यायालयात गेले. त्यांनी शेजारचा अ‍ॅलॅमो हाइट्स हा श्रीमंत जिल्हा तुलनेला घेतला, आणि १९६० च्या शिरगणतीतले कुटुंबाचे उत्पन्न दोन्हींपुढे लिहिले. एजवूडच्या मधल्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४,६८६ डॉलर, अ‍ॅलॅमो हाइट्सचे ८,००१. दर मुलामागे करपात्र मालमत्ता एजवूडमध्ये ५,९६० डॉलर, तर तिकडे ४९,००० हून अधिक.

आता नीट ऐका. कराचा दर कुठे जास्त होता? तुम्ही म्हणाल, बंगलेवाल्यांकडे. साफ उलटे! एजवूडचे गरीब लोक मालमत्तेच्या दर १०० डॉलरमागे १ डॉलर ५ सेंट भरत होते, आणि अ‍ॅलॅमो हाइट्सवाले ८५ सेंट. ज्यांना शिक्षणाची चाड नाही असे म्हणायचे, ते जास्त दराने कर भरत होते! आणि पदरात काय पडले? राज्याच्या मूळ योजनेतला वाटा देऊन झाल्यावर एजवूडच्या करातून मुलामागे उरले २६ डॉलर, अ‍ॅलॅमो हाइट्सच्या करातून ३३३. जवळजवळ तेरापट. राज्याची मदत २२२ आणि २२५, म्हणजे श्रीमंताला ३ डॉलर जास्तच! केंद्र सरकारचे १०८ आणि ३६ धरूनही बेरीज झाली ३५६ विरुद्ध ५९४. ही तुलना झाली नसती तर सॅन अँटोनियोचा पंडितही तेच म्हणाला असता, की मास्तर आळशी आणि पोरे मठ्ठ.

एवढे असूनही पालक हरले. २१ मार्च १९७३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती पॉवेल यांच्या निकालपत्रात एक कारण आकड्यांचेच आहे. पालकांनी राज्यातल्या ११० जिल्ह्यांचा तक्ता दिला होता. त्यात सर्वांत श्रीमंत १० आणि सर्वांत गरीब ४ जिल्ह्यांत मालमत्ता आणि उत्पन्न यांचा मेळ बसत होता. मधल्या ९६ जिल्ह्यांत तो बसत नव्हता. दोन टोके दाखवलीत, मधले कुठे आहे, असा तो प्रश्न. निकाल मला पटत नाही, न्यायमूर्ती मार्शल यांनाही पटला नव्हता, त्यांनी विरोधी मत सविस्तर लिहून ठेवले आहे. पण प्रश्न खोटा नव्हता. आपल्याला उद्या कोणापुढे तक्ता ठेवायचा असेल तर निवडक दोन गावांचा ठेवून भागणार नाही, सगळ्या तालुक्याचा ठेवावा लागेल. एजवूडने मात्र हातपाय गाळले नाहीत. त्याच जिल्ह्याने राज्याच्या न्यायालयात दुसरा दावा लावला, आणि १९८९ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती करपद्धत राज्यघटनेविरुद्ध ठरवली.

शिरगणतीचा दुसरा उपयोग पैसे वाटण्याचा. १९६५ च्या अमेरिकन कायद्याने गरीब मुलांसाठी केंद्राचे अनुदान सुरू केले, आणि ते वाटताना १९६० च्या शिरगणतीतली २,००० डॉलरखालच्या उत्पन्नाच्या कुटुंबांतली ५ ते १७ वर्षांची मुले मोजली. एजवूडला केंद्राचे १०८ आणि शेजाऱ्याला ३६ हा फरक पडला तो गरिबीकडे पाहून पैसा देण्याच्या अशा धोरणातून. आज तिथले शिरगणती खाते दर शाळा-जिल्ह्यातल्या गरीब मुलांचा अंदाज दरवर्षी काढते. दहा वर्षे वाट बघत नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, हे तुमचे पळवाट काढणे झाले. गाव गरीब म्हणून निकाल कमी, आम्ही काय करणार! हा आक्षेप मी उडवून लावत नाही. १९६६ साली कोलमन यांचा सुमारे ४,००० शाळांचा पाहणी-अहवाल आला आणि मुलाच्या यशात घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा असे त्यात दिसले, तेव्हा अमेरिकेतही काहींनी अर्थ काढला की शाळेवर खर्च करणेच व्यर्थ. अध्यापक विद्यालयात आम्हाला उलटे शिकवले होते, आणि तीस वर्षांच्या खडूच्या धुळीनंतर मला तेच खरे वाटते. मुलाचे घर ओळखायचे ते त्याला सोडून देण्यासाठी नव्हे. वाटेवरचा ओढा कुठे आहे हे कळले तरच तिथे साकव घालता येतो. एकाच तऱ्हेच्या दोन गावांत एक शाळा चालते आणि दुसरी कोसळते, तेव्हा मास्तराला खुशाल जाब विचारा. मी पहिला विचारीन.

आता आमची शिरगणती पाहा. गावाच्या मूळ तक्त्यात ० ते ६ वर्षांची मुले वेगळी मोजलेली सापडतात. ६ ते १४ ची, म्हणजे नेमकी शाळेच्या वयाची, सापडत नाहीत. उत्पन्न तर कधी विचारलेच जात नाही. आणि रापणकार बंधूंनो, तुमचे काय झाले आहे ठाऊक आहे? १९९१ च्या तक्त्यात मासेमारी, पशुपालन, वने, बागायती यांचा मिळून एक वेगळा रकाना तरी होता. २००१ आणि २०११ मध्ये गावपातळीवर चारच रकाने उरले: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि 'इतर'. पहाटे रापण ओढणारा आणि बँकेत पंख्याखाली बसणारा मॅनेजर, दोघेही 'इतर'! मग ज्या वाड्यातली मुले मासळीच्या हंगामात वर्गातून गळतात, तो वाडा तक्त्यात ओळखायचा कसा?

तोही तक्ता शिळा. २०२१ ची शिरगणती झालीच नाही. २०११ मध्ये पाळण्यात असलेले मूल दहावीच्या वयाला आले, तरी त्याच्या गावाचा हिशेब त्या पाळण्यावरून! १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून नवी गणना करण्याची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. त्या गणनेत मोजणीदार दारात आला की धंदा नेमका सांगा. 'कामाला जातो' असे मोघम उत्तर देऊ नका. मासळी विकणारी, लावणीला जाणारी बाई 'घरकाम' म्हणून लिहिली जाते. लिहिणाऱ्याला तिथेच थांबवा.

सरकारकडे मागणी एकच. नव्या गणनेचे आकडे प्रत्येक शाळेच्या वाड्यावाड्यांप्रमाणे जुळवून द्या, शाळेच्या वयाची मुले वेगळी काढा, मासेमारीला तिचा रकाना परत द्या, आणि निकालाची टक्केवारी छापणाऱ्यांना तो तक्ता शेजारी छापायला लावा. तोवर आपण हात बांधून बसण्याचे कारण नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या ९ व्या कलमाप्रमाणे १४ वर्षांपर्यंतच्या मुलांची आपल्या हद्दीतली नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. शाळा जोडण्याचा विषय गावात निघेल त्या दिवशी ग्रामसभेत उठून पहिल्यांदा ती वही मागा. वही निघाली तर मुले मोजा, नसेल तर 'वही नाही' एवढे इतिवृत्तात लिहून घ्या, आणि मगच पुढच्या विषयाला हात लावू द्या.